टिटवीच्या अंड्यांवरून गेलेला रस्ता

काही काम नसताना माणूस चालू शकतो, हे कवठे येमाईत आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. चालायचं ते कुठंतरी पोचायला. पोचायचं नसेल तर बसायचं, आणि बसायला पार आहे, टपरी आहे, ग्रामपंचायतीची पायरी आहे. त्यामुळे म्हाळू रणपिसे निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात पांढरेशुभ्र बूट घालून, हातात पाण्याची बाटली घेऊन सकाळी साडेसहाला घराबाहेर पडले, तेव्हा पहिल्या दोनशे पावलांतच त्यांची चौकशी सुरू झाली.

"कुठं निघाला, भाऊसाहेब?"

"फिरायला."

"व्हय, पन कुठं?"

"असंच. नुसतं फिरायला."

"बरं बरं. सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या." आणि विचारणारा दुखावल्या चेहऱ्यानं निघून गेला.

पुढं एकानं मोटारसायकल थांबवली. "बसा, सोडतो." रणपिसे नको नको म्हणत होते, पण भल्या माणसाचा आग्रह मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यानं त्यांना दोन किलोमीटरवरच्या फाट्यावर नेऊन सोडलं आणि "काय हाय हितं?" असं विचारून, उत्तर न ऐकताच गाडी वळवली. तिथून घरापर्यंत रणपिसे चालत आले. पहिल्या दिवसाचं फिरणं झालं ते असं.

दुसऱ्या दिवशी त्यांना एका पथकानं धरलं. सकाळच्या वेळी पाण्याची बाटली घेऊन रानाकडं निघालेल्या माणसाचा हेतू काय असतो, याबद्दल पथकाच्या मनात शंका नव्हती. त्यांनी रणपिश्यांना गुलाबाचं फूल दिलं, घरी शौचालय बांधण्याची विनंती केली आणि फोटो काढला. रणपिश्यांच्या घरी दोन शौचालयं होती, पैकी एक कमोडचं. हे त्यांनी तिथंच रस्त्यात उभं राहून सांगितलं, तेव्हा पथकप्रमुख सहानुभूतीनं म्हणाले, "दोन असून बाहेर? काका, सवय मोडली पाहिजे."

ही बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. पत्नी मायाबाई दारातच उभ्या होत्या. "अहो, फूल कुठंय?" एवढंच त्यांनी विचारलं.

हे सगळं शिरूरच्या डॉक्टरांमुळं झालं होतं. रक्तदाब मोजून ते म्हणाले होते, "औषध देतो, पण खरं औषध चालणं. रोज आठ हजार पावलं. झाडं बघा, पाखरं बघा. कोणाशी वाद नको." रणपिसे चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणीला होते. त्यांच्या आयुष्यात झाड म्हणजे कोणाच्या हद्दीत आहे ते, आणि पाखरू म्हणजे मोजणीच्या वेळी डोक्यावर घाण करणारं. शांतपणे पाहणं झालंच नव्हतं. एक मात्र त्यांनी केलं होतं: चौतीस वर्षांत मोजणीच्या बाबतीत ते एका इंचाचंही खोटं बोलले नव्हते. कोणाची कोंबडी खाल्ली नव्हती. चहा घेतला तर वादी आणि प्रतिवादी दोघांकडचा, नाहीतर कोणाचाच नाही. सेवापुस्तकात नोंद नसलेली ही एकच गोष्ट होती, आणि त्यांना अभिमान होता तो तिचाच.

गावानं सल्ले द्यायला सुरुवात केली. उसाच्या कडेनं जाऊ नका, बिबट्या हाय. काठीला घुंगरू बांधा. मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा. बिबट्या मान धरतो, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला. रणपिश्यांनी हिशोब केला, तेव्हा घुंगरू वाजवत, गाणी लावून, खिळ्यांचा पट्टा घालून शांतपणे पाखरं बघायची असं काहीसं चित्र तयार झालं. शेवटी त्यांनी ऊस सोडून उघड्या माळाकडचा रस्ता धरला. दिवस चांगला वर आल्यावर निघायचं, बांधाबांधानं ओढ्यापर्यंत जायचं आणि परत.

आणि सांगायला हरकत नाही, ते रमले. मुलगा धम्मदीप कुरकुंभला एका औषधाच्या कारखान्यात शिफ्टला होता. त्यानं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं आणि एक दुर्बीण. घड्याळावर रणपिश्यांचा विश्वास नव्हता. यंत्राची मोजणी हातानं पडताळून घ्यायची ही खात्याची शिस्त. म्हणून ते स्वतः पावलं मोजत चालायचे, तोंडातल्या तोंडात, आणि प्रत्येक बांधाच्या टोकाला थांबून छोट्या डायरीत आकडा लिहायचे. मग दुर्बीण डोळ्याला लावायची, समोर बघायचं, पुन्हा लिहायचं. 'बांध क्र. ४ : ६१२. वेडा राघू, दोन.'

हे दृश्य लांबून कसं दिसत असेल, याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. तो बाकी सगळ्या गावाच्या मनाला शिवला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जालिंदरच्या मोकळ्या रानात त्यांना टिटवीची अंडी सापडली. घरटं असं नाहीच. मुरमाड जमिनीत बशीएवढा खळगा, त्यात चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. रंग असा की दोन फुटांवरून खडे वाटावेत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत त्यांना वाट्टेल ते बोलत होती. रणपिसे खाली बसले आणि त्यांना एकदम कळलं की हे आपल्याला बघायला मिळालेलं आहे. कोणाच्या अर्जावरून नाही, नोटीस काढून नाही. ते वीस मिनिटं हलले नाहीत. घड्याळानं हातावर थरथरून 'उठा' असा इशारा दिला, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वरून आलेला आदेश धुडकावून लावला.

पण काळजीही तिथंच लागली. त्या रानातून मेंढरं जायची, ट्रॅक्टर वळायचे. अंडी फुटायला पंचवीस-तीस दिवस लागतात, असं धम्मदीपनं फोनवर शोधून सांगितलं. जालिंदरला सांगावं, तर जालिंदरच्या घरी जाणं सोपं नव्हतं. जालिंदर आणि त्याचा चुलता कोंडिबा यांचा मधल्या साडेतीन फूट बांधावरून बावीस वर्षं दावा चालू होता. रणपिश्यांनी स्वतः तो बांध तीनदा मोजला होता: एकदा साखळीनं, एकदा मशीननं, एकदा उपग्रहानं. तिन्ही वेळा माप एकच आलं आणि तिन्ही वेळा दोघांनी हरकत घेतली. एकाच्या ओट्यावर पाणी प्यायलं तर दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन प्यावं लागतं, हा त्यांचा अनुभव होता.

म्हणून त्यांनी आपल्या आपण उपाय केला. घरून चुना नेला, चार मोठे दगड शोधले, त्यांना पांढरा हात दिला आणि अंड्यांभोवती तीन-तीन फुटांवर चौकोनात मांडले. लांबून दिसतील, कोणी पाय देणार नाही. चौतीस वर्षं शेतात दगडच रोवल्यामुळं हे काम इतकं सरावानं झालं की आपण काय करून बसलो, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते माळावर पोचले आणि जागच्या जागी उभे राहिले. जालिंदरच्या रानात, ऐन उन्हाळ्यात, दोनशे आंब्याची रोपं उभी होती. टँकरनं पाणी चालू होतं. एका कोपऱ्यात पत्र्याचं शेड उभं राहत होतं, आत गाय नव्हती पण 'गोठा' अशी पाटी होती.

"जालिंदर, हे काय?"

जालिंदरनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भाऊसाहेब, तुमी काय बोलू नका. आमी बी काय इचारत न्हाई. चौपदरी का काय ते तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

"कसली चौपदरी?"

"असं तोंडावर काय न दाखवता बोलायचं म्हंजी कला हाय," जालिंदर कौतुकानं म्हणाला.

रणपिश्यांनी हातातल्या डायरीकडं पाहिलं. महिनाभर एक मोजणीवाला बांधाबांधानं पावलं मोजतो, दुर्बिणीतून बघतो, डायरीत लिहितो, कुठं निघालात तर सांगत नाही, आणि शेवटी चुना लावलेले चार दगड मांडतो. गावानं काय समजायचं? गावानं रस्ता समजला होता. कोणी म्हणे महामार्ग, कोणी म्हणे विमानतळाचा जोडरस्ता. जमीन गेली तर झाडाचा मोबदला वेगळा, शेडचा वेगळा, हे इथं शाळेतली पोरंसुद्धा सांगतात.

संध्याकाळी कोंडिबा घरी आले. वय चौऱ्याहत्तर, धोतर स्वच्छ, काखेत जिवंत कोंबडी.

"भाऊसाहेब, जालिंदरच्या रानात दगूड, आन् आमच्यात न्हाई. आमी काय घोडं मारलं सरकारचं?"

"आप्पा, रस्ता नाही हो. तिथं टिटवीची अंडी आहेत."

कोंडिबांनी कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली. "चौतीस वर्सं नोकरी केल्याला मानूस टिटवीपाई दगडाला चुना लावतो? मला येडा समजू नका. दोन आनीन कोंबड्या."

चौतीस वर्षांत जे झालं नाही ते निवृत्तीनंतर दारात उभं होतं. रणपिश्यांनी हात जोडले. कोंबडी परत गेली, पण गल्लीनं ती येताना पाहिली होती आणि जाताना कोणी पाहिली नाही.

चार दिवसांनी कागद आला. 'विनापरवाना सीमाचिन्हे उभारल्याबाबत खुलासा.' ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचे तलाठी, या पदावर वैष्णवी नावाची तरुण मुलगी होती. पदाचं नाव तिप्पट लांब झालं होतं, कचेरी मात्र तेवढीच होती. रणपिश्यांनी तीन पानी खुलासा लिहून नेला : 'सदर दगड हे सीमाचिन्ह नसून टिटवी या पक्ष्याच्या अंड्यांच्या संरक्षणार्थ तात्पुरत्या स्वरूपात ठेवणेत आलेले आहेत.'

वैष्णवीनं तो दोनदा वाचला. "काका, हा मी वर पाठवला तर मला विचारतील टिटवीचा हक्क काय. सातबाऱ्यावर इतर हक्कात टिटवी लावू का?"

"मग दगड काढून टाकतो."

"आता कसे काढणार? कालपर्यंत काढता आले असते. आता त्यांची नोंद झालीय. पंचनाम्याशिवाय हलवले तर पुरावा नष्ट केल्यासारखं होईल."

रणपिश्यांनी खुलाशाची घडी घातली. हा नियम बरोबर होता. हाच नियम त्यांनी दुसऱ्यांना कितीदा तरी सांगितला होता, याच स्वरात.

शेवटी त्यांनी सगळ्यांना प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. रविवारी सकाळी चाळीसेक माणसं माळावर जमली. टिटवीनं एकेकाच्या टोपीवर झेप घेतली. रणपिश्यांनी बोट दाखवलं, "ही बघा चार अंडी."

चाळीस जणांनी वाकून पाहिलं.

"खडं हायत."

"अंडी आहेत!"

"भाऊसाहेब, खडं हायत. माझ्या घराम्होरं असलं पाटीभर पडल्यात."

एकानं एक उचलून बघायला हात पुढं केला, तेव्हा रणपिसे इतक्या जोरात ओरडले की टिटवीही क्षणभर गप्प झाली. आणि त्या ओरडण्यानं लोकांची उरलीसुरली शंका फिटली. साध्या खड्याला हात लावला म्हणून सरकारी माणूस एवढा ओरडत नाही.

मायाबाई तेवढ्या म्हणाल्या, "मला दिसतायत." पण घरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत.

अंड्यांना विसावा दिवस होता तेव्हा जालिंदरनं जेसीबी आणला. मधली जागा मोकळी राहिली होती, तिथं अजून साठ खड्डे बसत होते. रणपिसे बांध क्रमांक चारवर पोचले तेव्हा यंत्र चौकोनापासून वीस पावलांवर होतं. हे अंतर त्यांनी धावतानाही मोजलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पांढरे बूट घालून माळावर धावला आणि जेसीबीच्या दातांपुढं हात पसरून उभा राहिला.

"जालिंदर, थांबव!"

"भाऊसाहेब, पुन्यांदा टिटवी सांगू नका बरं का."

रणपिश्यांचा श्वास वर आला होता. खरं सांगून झालं होतं. लेखी सांगून झालं होतं. जागेवर नेऊन दाखवून झालं होतं. टिटवी अंड्यांवर पंख पसरून त्या पिवळ्या यंत्रावर ओरडत होती, हलत नव्हती. रणपिश्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि चौतीस वर्षांत कधी तोंडातून गेलं नव्हतं ते त्यांच्या तोंडातून गेलं.

"हा मध्यबिंदू आहे," ते म्हणाले. "या चौकोनात एक खड्डा पडला तर तुझा अख्खा गट आखणीतून वगळतात."

जालिंदरचा चेहरा पांढरा पडला. "मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय!" त्यानं जेसीबी असा मागं घेतला, जणू समोर विहीर आहे. दुपारपर्यंत चौकोनाभोवती बाभळीचं कुंपण झालं. संध्याकाळपासून तो स्वतः तिथं खाट टाकून राखणीला बसला. ज्या गावाला खरं पटवायला रणपिश्यांना वीस दिवस पुरले नाहीत, त्या गावाला खोटं अर्ध्या मिनिटात पटलं होतं.

रणपिसे घरी आले आणि जेवले नाहीत. "काय झालं?" मायाबाईंनी विचारलं.

"मी मोजणीत खोटं बोललो."

मायाबाईंनी ताट झाकून ठेवलं. "अंडी?"

"शाबूत आहेत."

"मग जेवा."

नऊ दिवसांनी, सोमवारी सकाळी, खळगा रिकामा होता. कवचाचे तुकडे होते आणि पलीकडच्या बांधाच्या सावलीत काडीच्या पायांवर चार ठिपके पळत होते. रणपिश्यांनी दुर्बीण खाली केली तेव्हा काचा ओल्या होत्या. डायरीत त्यांनी लिहिलं, 'चार.' आणि वेळ टाकली.

आता एकच काम उरलं होतं : खरं सांगून टाकायचं. ते सरळ जालिंदरच्या घराकडं वळले. ओट्याजवळ आले आणि थबकले. ओट्यावर जालिंदर बसला होता. शेजारी कोंडिबा बसले होते. दोघांच्या हातात चहा होता, आणि चहा कोंडिबांच्या बायकोनं, साळूबाईंनी, आणला होता. बावीस वर्षांत या बाईनं तो बांध ओलांडलेला नव्हता.

"या भाऊसाहेब," साळूबाई म्हणाल्या. "केस मागं घेतली आमी. शुक्रवारी. वादातल्या रानाचा मोबदला कोर्टात अडकून पडतो म्हनं. तीनदा मोजून तुमाला जमलं न्हाई ते चार दगडांनी केलं बघा."

या वाक्यात कौतुक किती आणि अपमान किती, हे रणपिश्यांना ठरवता येईना. त्यांनी पुढं आलेला चहाचा कप घेतला. आता खरं सांगितलं तर हा ओटा पुन्हा दुभंगणार. नाही सांगितलं तर स्वतःला आरशात कसं बघायचं?

कोंडिबा त्यांना पोचवायला म्हणून उठले. गोठ्याच्या आडोशाला रणपिश्यांनी त्यांचा हात धरला. "आप्पा, मला माफ करा. रस्ता नाही. मी खोटं बोललो."

"हळू बोला की!" कोंडिबा दबक्या आवाजात कडाडले. "मला ठावं हाय. इस्टीनं पुन्याला जाऊन आलो मी बुधवारी. सायेब म्हनला, आबा, तुमच्या गटातून पायवाट सुदीक मंजूर न्हाई."

"बुधवारी? आणि केस शुक्रवारी मागं घेतली?"

"मग कवा घ्यायची? बावीस वर्सं तारखा केल्या. उगंच मागं घेतली आस्ती तर भावकी म्हनली आस्ती, कोंडिबा हारला. रस्त्यापाई घेतली म्हनल्यावर शाना ठरलो. तेवढं जालिंदरला कळू देऊ नका. प्वार लई आशेवर हाय."

एवढं बोलून ते खोकत माघारी गेले. रणपिसे बांधापर्यंत कसेबसे आले, तोच मागून जालिंदर पळत आला.

"भाऊसाहेब, एक इनंती हाय. आप्पाला काय बोलला न्हाई न्हवं?"

"कशाबद्दल?"

जालिंदरनं मान खाली घातली. "रस्ता न्हाई ते. मला गेल्या हप्त्यातच कळलं. दोस्त हाय एक, त्यानं समदा नकाशा मोबाईलवर दावला."

"आणि तरी तू राखण करत बसलास? आणि केस?"

"उठून घरी गेलो आस्तो तर आप्पाला सौंशय आला नसता व्हय? त्यांच्याम्होरं कसं नमायचं, ह्योच घोर हुता बावीस वर्सं. आता कोन नमलंच न्हाई. सरकार आडवं आलं." तो जरा घुटमळला. "आन् टिटवीची पिल्लं निघाली सकाळी. चार हायत. खडं न्हवतं ते."

रणपिश्यांनी जमिनी मोजल्या होत्या, माणसं मोजायची राहिली होती, असं काहीतरी त्यांच्या मनात येत होतं. पण तेवढ्यात ओट्यावरून कोंडिबांची हाक आली. दोन्ही हात तोंडाशी धरून, शेजारची सहा घरं ऐकतील अशी.

"भाऊसाहेब! रस्ता किती पदरी म्हनालात?"

जालिंदर विनवणीच्या नजरेनं बघत होता. ओट्यावर कोंडिबा विनवणीच्याच नजरेनं बघत असणार, लांबून दिसत नव्हतं एवढंच. मधे साडेतीन फूट बांधावर म्हाळू रणपिसे उभे होते, सेवानिवृत्त, निष्कलंक. त्यांनी घसा साफ केला.

"सहापदरी!" ते ओरडले. "दोन्ही बाजूंनी सेवारस्ता!"